हाताचा गुण

सोमवार, ३ मार्च

खार आली! आली म्हणजे आणली, एका बाजूने टॅक्सीवाल्याने धरून आणि दुसऱ्या बाजूने मी. आणि चांगली दोन महिने राहणार आहे.

खार म्हणजे माझी नात, लेकीची मुलगी. लहानपणी पाण्याच्या पाइपावरून गच्चीत चढायची म्हणून मीच हे नाव पाडलं. ही वहीसुद्धा तिनेच दिलेली. "आजी, दिवसभर भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा लिहीत जा," म्हणाली होती. तीन वर्षं झाली, वही अर्धीसुद्धा भरली नाही. लिहायला काही घडायला नको का? आता घडलं.

काल सराव करून जिना उतरताना शेवटच्या पायरीवर तिचा डावा पाय आत वळला. कट्कन आवाज झाला म्हणते. घोटा असा फुगलाय की घोटा कुठला आणि पोटरी कुठली कळत नाही. रंग तर विचारूच नका, जांभळा, निळा, कडेला पिवळा. लॉन्ड्रीत एकदा रंग जाणारी चादर पांढऱ्या कपड्यांत गेली होती, तिची आठवण झाली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे. पण हाडं बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात म्हणे, त्यातली एक तुटली आणि दुसरी उसवली. गुडघ्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा मोठा बूट दिलाय, काढता-घालता येतो. कुबड्या दिल्या, गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला. पाय उंच ठेवा, बर्फ लावा, गरम शेक नको, तेल नको, चोळायचं अजिबात नाही. "अजिबात"च्या खाली दोन रेघा. मी चौथीपर्यंतच शिकले, पण रेघा कळतात मला.

तिची खोली चौथ्या मजल्यावर, माझी तळमजल्यावर, म्हणून ती इथे. लेक लांबच्या गावाहून फोनवर रडत होती, "आई, आता तूच बघ तिच्याकडे." बघते की! मला दुसरं काम काय आहे?

मंगळवार, ४ मार्च

तिची अग्निशमन दलाची परीक्षा २८ एप्रिलला आहे. पाण्याचा जाड पाइप खांद्यावर घेऊन सहा मजले चढायचे, तेही घड्याळ लावून. आधी दोनदा दिली, दुसऱ्या वेळी चार सेकंदांनी गेली. चार सेकंद! माझी शिंक त्याहून लांब चालते. जूनमध्ये तिला सत्ताविसावं पूर्ण होईल, मग अर्जच घेत नाहीत. म्हणजे ही शेवटची.

"आजी, डॉक्टर म्हणाल्या आठ आठवडे म्हणजे अगदी काठावर आहे. पण सगळं नीट केलं तर जमेल. कागदावर लिहिलंय तसंच करायचं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"बरं बाई."

"शपथ घे."

"अगं, शपथ कसली घ्यायची आपल्याच माणसापुढे?" म्हटलं आणि तिला दूध दिलं.

खरं सांगायचं तर लोक जिथून पळतात तिथे हिने शिरायचं, हे मला कधी पटलंच नाही. पण माझ्या पटण्याला कोण विचारतो.

बुधवार, ५ मार्च

गोळी घेतली की दुपारी दोन ते चार ती ढिम्म असते. कानाशी भांडं आपटलं तरी जागी होत नाही, मी आपटून पाहिलं.

आता माझ्या हाताविषयी लिहिते. एकतीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री केली. एकदा मालकांचा पाय मुरगळला होता. मी गरम फडक्याने शेकला, अंगठ्याने रगडला, तिसऱ्या दिवशी मालक चालायला लागले. तेव्हापासून सगळी लॉन्ड्री म्हणायची, आजींच्या हाताला गुण आहे. (तेव्हा मी आजी नव्हते, पण तोंडावळा तसाच होता.) मालकांची बायको म्हणायची, त्यांना सासुरवाडीला जायचं नव्हतं म्हणून लंगडत होते. बायका जळतात, दुसरं काय.

तर आज खार झोपल्यावर बूट काढला. तेल कोमट केलं, इस्त्रीने फडकं तापवलं आणि हलक्या हाताने सुरुवात केली. हलक्या म्हणजे आधी हलक्या. अंगठ्याखाली एक गाठ लागली ती चांगली दाबली. झोपेतच विव्हळली पोर. दुखतं म्हणजे आत काम चालू आहे. मग साबणाने पुसलं, बूट चढवला. उठल्यावर म्हणाली, "आजी, आज ठणका जास्त आहे गं."

"उतरण्याआधी एकदा चढतोच," मी सांगितलं.

आत्ताच सांगायचं नाही. बरा झाला की सांगणार. तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असेल!

शुक्रवार, ७ मार्च

आज फिजिओकडे नेलं. पोरगेलासा आहे, पण कडक. भिंतीवर हाडांचं चित्र, खाली रबराचे पट्टे टांगलेले. त्याने मला टेपने माप घ्यायला शिकवलं. घोट्यावरून, पावलाखालून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी टेप फिरवायची. चांगला पाय एकोणपन्नास सेंटिमीटर, दुखरा चोपन्न. रोज सकाळी मोजून तक्त्यात लिहायचं आणि दर दुसऱ्या शुक्रवारी तक्ता दाखवायचा.

"आजी, टेप ओढायची नाही आणि सैलही सोडायची नाही," तो म्हणाला.

"अहो, हजारो चादरी मोजल्यात मी."

"चादरीला सूज नसते," म्हणाला. खार हसली. मीही हसले, पण मला ते लागलं.

मंगळवार, ११ मार्च

किती मजा येते आहे! सकाळी अंडी उकडते तर ही पलंगावरून घड्याळ लावते. "सहा मिनिटं दहा सेकंद. आजी, तू नापास!" मी तिचे केस विंचरते. आठ वर्षांची झाल्यापासून तिने मला केसांना हात लावू दिला नव्हता. शेजारची शिंपीण डोकावली, म्हणाली, "आजी, तुम्ही तर दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात." दिसणारच.

माप चोपन्न. तिचा चेहरा एवढासा झाला.

बुधवार, १२ मार्च

आज टेप जरा ताणून धरली. त्रेपन्न. पोरीचा जीव केवढा हलका झाला! दोन घास जास्त जेवली. टेपला काय, ओढली तर ओढली जाते.

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी त्या गोळ्या बंद केल्या. आता साध्या गोळ्या, दुखलं तरच. म्हणजे दुपारची झोप गेली. मोठीच पंचाईत. रोजचं काम मध्येच कसं सोडायचं? अर्धी इस्त्री झालेला कपडा न केलेल्याहून वाईट दिसतो.

पुडीत जुन्या बारा उरल्या होत्या.

शनिवार, १५ मार्च

लेक लहान असताना तिला औषध दुधातूनच द्यायचे. चमच्याने बारीक केली की कळत नाही. अर्धीच टाकली. एक वाजता प्यायली, दोनला गाढ. अर्ध्या अर्ध्या करून एक दिवसाआड दिल्या तर परीक्षेपर्यंत पुरतील.

जरा चुकल्यासारखं वाटलं, ते लिहून ठेवते. पण पाय हातात घेतला आणि ते वाटणं गेलं. पाय लहानपणीसारखाच आहे, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

शुक्रवार, २१ मार्च

फिजिओने तक्ता पाहिला. एक्कावन्न. मग स्वतः मोजलं. चोपन्न.

"हे कसं काय?" त्याने दोनदा मोजलं. "घरची टेप बदलून बघा." त्याने नवी टेप दिली. मग घोटा दाबून पाहिला तर खार ओरडली. "इतक्या दिवसांनी इथे एवढं दुखायला नको. बुटाशिवाय चालतेस का?"

"नाही हो."

"बर्फ?"

"चारदा."

येताना खार बसमध्ये कपाळ काचेला टेकून बसली होती. म्हणाली, "आजी, माझंच काहीतरी चुकतंय." मी म्हटलं, "चुकतं ते त्यांचं, तुझं नाही."

मंगळवार, २५ मार्च

तिने रबराच्या पट्ट्याने व्यायाम सुरू केला. तिला जमत नाही. दात आवळून करते, दहाच्या जागी चार होतात, मग उशी तोंडावर दाबते. मला बघवत नाही. म्हणून दुपारी पाऊण तास रगडला, एरवी अर्धा तास रगडते.

शिंपीण वास घेत म्हणाली, "आजी, तुमच्याकडे तेलाचा वास येतो हो."

"गुडघ्याला लावते," मी म्हटलं. लावतेही कधीकधी. अगदीच खोटं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

घरचं माप पन्नास, तिथलं पंचावन्न.

फिजिओने तक्ता टेबलावर पालथा ठेवला. म्हणाला, "हे बघ, परीक्षेची घाई मला समजते. पण गुपचूप जिने चढशील आणि इथे खोटे आकडे लिहून आणशील, तर मी काही करू शकणार नाही."

खारचा चेहरा तापल्या इस्त्रीसारखा झाला. "मी एक पायरी चढले नाही! आकडे आजी लिहिते!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पिशवीची चेन बघत होते, ती मेली कधीची अडकते.

"आजींना कशाला मध्ये ओढतेस?" तो म्हणाला.

सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं. पण पंचावन्नवर कसं सांगणार? पन्नासवर आला असता तर सांगितलं असतं.

मंगळवार, ८ एप्रिल

लॉन्ड्रीत जाऊन आले. मालक थकले, पण मला बघून उठून उभे राहिले. घड्या घालणाऱ्या टेबलावर एक जागा रिकामी होते आहे. मी सहज खारचं नाव घातलं कानावर. असू द्यावं. आठ तास उभं राहावं लागतं, पण आगीत तर जायचं नाही. आणि लॉन्ड्री माझ्या दारापासून शंभर पावलांवर.

खारला यातलं काही सांगितलं नाही. तिने आज परीक्षेचा गणवेश मागवून घेतला आणि खुर्चीवर पसरून त्याच्याकडे बघत बसली. मी त्याला इस्त्री केली. अशी इस्त्री तिथे कोणाचीच नसेल.

शुक्रवार, १८ एप्रिल

आजचं सगळं नीट लिहिते.

खारने शोधून काढलं की दलाकडून एकदा तीन महिन्यांची मुदत मिळते. मग जूनची अट आड येत नाही, कारण अर्ज जुनाच राहतो. फक्त इलाज करणाऱ्याने लिहून द्यायचं, की उमेदवाराने उपचार नीट घेतले, तरी पाय बरा झाला नाही. पत्र पुढच्या शुक्रवारच्या आत पोचायला हवं. पोरीच्या डोळ्यांत पुन्हा उजेड आला होता.

फिजिओने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उपचार नीट घेतले असं मी कसं लिहू? सात आठवड्यांनी पाय पहिल्या दिवसासारखा आहे. असा पाय दोनच गोष्टींनी राहतो. एक तर माणूस त्याच्यावर पळतो, नाहीतर कोणीतरी तो रोज चोळतो. आजी, तुम्ही घरी असता. तुम्हीच सांगा. मी तुमचं ऐकेन."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. खार तर अशी बघत होती, की आता सुटलोच. शिंपीण परवाच सांगत होती, कोणाला तरी परस्पर औषध दिलं म्हणून एका बाईला पोलिसांनी नेलं. आणि या पोरगेल्याशा माणसापुढे कबूल करायचं, की माझ्या हाताने बरं झालं नाही?

मी एवढंच म्हटलं, "आजकालची पोरं कुठे ऐकतात हो."

तेवढंच म्हटलं. ती पळाली असं मी म्हटलेलं नाही. पुन्हा वाचून बघते आहे, नाहीच म्हटलेलं.

त्याने मान हलवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

शनिवार, १९ एप्रिल

काल संध्याकाळपासून खार भिंतीकडे तोंड करून पडून होती. आज एक वाजता दूध दिलं, तिने कप हातात घेतला. मी अंगणात कपडे काढायला गेले. परत आले तर झोपलेली. बूट काढला, तेल घेतलं, दाबायला सुरुवात केली. नेहमीपेक्षा पाय कडक वाटला. वर बघते तर हिचे डोळे उघडे.

किती वेळ तशी बघत होती कोण जाणे. दूध कुंडीत ओतलं होतं, नंतर दिसलं.

"किती दिवस, आजी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. "एकदाही खाडा नाही."

"आणि दुधात?"

"तीच तुझी जुनी गोळी. परकं काही नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. तिने फोन लावला. फिजिओला सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, शाळेतल्या मुलीसारखं. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "कालच तुझ्या आजींना तोंडावर विचारलं होतं मी. आता तू त्यांच्यावर ढकलतेस?"

"ती इथेच आहे. ती सांगेल." तिने फोन माझ्यापुढे धरला आणि माझा हात धरला, तेलाचा. "आजी, आता खरं सांग. फक्त हो म्हण. मी तुला काही बोलणार नाही, कधीच बोलणार नाही. एकदा हो म्हण."

मी फोन कानाला लावला. तो म्हणाला, "बोला आजी. तुम्ही तिचा पाय चोळत होता का? गोळ्या दिल्यात का?"

किती अपमानाने विचारलं! चोळत होता का, म्हणे. चोरत होता का, असं विचारावं तसं.

"पोरगी घाबरली आहे हो," मी म्हटलं. "परीक्षेचा ताण आहे. तुम्ही मनावर घेऊ नका."

खारने माझा हात सोडला.

मग कुबड्या घेतल्या, गणवेश पिशवीत कोंबला, मी केलेली इस्त्री सगळी गेली, आणि टॅक्सी बोलावली. मी म्हटलं, "अगं, चौथा मजला आहे तुझा!" ती म्हणाली, "सहा चढायचे आहेत."

रुसली आहे. येईल.

गुरुवार, २४ एप्रिल

आली नाही. लेकीचा फोन आला. तिला खारने काय सांगितलं कळलं नाही, पण लेक म्हणाली, "आई, मी तुझ्याशी नंतर बोलते." नंतर म्हणजे कधी ते नाही सांगितलं.

घर फार मोठं वाटतं. अंडी उकडली, किती मिनिटं झाली कोणास ठाऊक, कडक झाली.

सोमवार, २८ एप्रिल

बाराच्या सुमारास इस्पितळातून फोन आला. अजून माझं नाव तिच्या कागदावर लिहिलेलं आहे म्हणून! जीव घाबरला, पण तेवढ्यातही बरं वाटलं. तशीच टॅक्सी करून इस्पितळात गेले.

पायाला घट्ट पट्टी बांधून गेली होती म्हणे परीक्षेला. तीन मजले सगळ्यांच्या पुढे होती. चौथ्याच्या वळणावर पाय गेला आणि अंगावरच्या पाइपासकट खाली आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी हाडही मोडलं. उरलेली दोरी तुटली. स्क्रू घालावे लागतील, सहा-आठ महिने जातील, चालेल, पण पळायचं विसरा. माझ्यावर त्यांनी बोट रोखलं, "आणि आजी, या पायाला आता कोणीही हात लावायचा नाही."

सहा-आठ महिने! मी मनातल्या मनात खोली लावायलासुद्धा लागले. पलंग खिडकीशी घ्यायचा. लॉन्ड्रीचे मालक थांबतील, त्यांना मी सांगेन. घड्या बसूनही घालता येतात.

आत जायला निघाले तर नर्सने दारात हात आडवा केला.

"तुम्ही आजी का?"

"हो."

"पेशंटने सांगितलंय, आजींना आत सोडायचं नाही."

"थट्टा करते ती, लहानपणापासून सवय आहे," मी म्हटलं. नर्स हसली नाही. दाराच्या काचेतून मला खारचा हात दिसला, चादरीवर ठेवलेला. चादरीला इस्त्री धड नव्हती. मी काचेवर टकटक केलं. हात चादरीखाली गेला.

मग बाहेरच्या बाकावर बसून राहिले. असू दे. राग उतरायला वेळ लागतो, सुजेसारखाच.

शेजारी एक बाई बसली होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. बेकरीत उभं राहून काम करते म्हणाली. सकाळी पोतं उचलताना पाय मुरगळला, घोटा हा एवढा. तिचा नंबर चौतीस आणि आत अजून अकरावा चालू. बिचारी रडकुंडीला आली होती. मी सांगितलं, हे लोक आता तुम्हाला बर्फ सांगतील, बूट देतील, महिनेच्या महिने घालवतील. मी एकतीस वर्षं हेच केलंय. ती म्हणाली, "खरंच? तुम्हाला येतं?"

किती दिवसांनी कोणीतरी असं विचारलं.

"आणा तो पाय इकडे," मी म्हटलं. तिने विश्वासाने माझ्या मांडीवर ठेवला. चांगला गरम होता, गाठ लगेच अंगठ्याखाली लागली. "डोळे मिटा," मी सांगितलं, "जरा दुखेल."